नागूकाकांनी सोडलेली वाट

आमच्याकडे एखाद्यानं वाट सोडली असं म्हटलं, तर ते कौतुक आहे की तक्रार, हे लगेच कळत नाही. पेरताना लोकांच्या जाण्यायेण्यापुरती जमीन मोकळी ठेवली तरी वाट सोडली, आणि माणूस भलतंच वागायला लागला तरी वाट सोडलीच. नागूकाकांनी दोन्ही केलं. पहिलं जन्मभर, दुसरं एकदाच. मला सांगायचंय ते दुसरं, आणि ते सांगताना मला अजून राग येतो. कुणाचा येतो, हे मात्र नीट ठरवता आलेलं नाही.

माझं सासर सोलापूरचं. नव्या पेठेत आमचं फॉल, अस्तर, लेस आणि बटणांचं दुकान आहे, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा मी बडबड करते, असं माझा नवरा म्हणतो. माहेर अक्कलकोटच्या दक्षिणेला. तिथं घरात कानडी, शाळेत मराठी, आणि भांडताना जी आधी तोंडात येईल ती. आमची शाळा गावात नव्हती. डांबरी रस्त्यावरच्या फाट्याजवळ होती. गावाकडून फाट्याला जायला गाडीवाट होती, पण ती लांबून, ओढ्याला वळसा घालून जायची. आम्ही पोरी जायचो ते नागूकाकांच्या शेतातून.

नागप्पा हे त्यांचं नाव. माझ्या वडिलांचे शेतशेजारी. उंच, काळे, कपाळावर विभूतीचे पट्टे, खांद्यावर टॉवेल, आणि आवाज असा की शेताच्या एका टोकाला बोलले तर दुसऱ्या टोकाची भोरडी उडायची. पोरींचा घोळका दिसला की ओरडायचे, "सावकाश! वाट कुटं पळून जात न्हाय!" हुरड्याच्या दिवसांत एकेक कणीस मोडायला परवानगी असायची. तिथंच उभं राहून खायचं, दप्तरात घालायचं नाही. दप्तरात घातलं की त्यांना कसं कोण जाणे कळायचंच, आणि मग आमच्या बापांचा उद्धार व्हायचा.

ती वाट त्यांच्या शेतातून तिरपी जायची. वरच्या अंगाला त्यांच्या थोरल्या भावाची, भिमाकाकांची वस्ती. तिथून बांध ओलांडून वाट नागूकाकांच्या रानात उतरायची, मधल्या लिंबाखालून, म्हणजे कडुनिंबाखालून, जायची आणि खालच्या अंगाला ओढ्याजवळून फाट्याला लागायची. पेरणीच्या वेळी कुरी, म्हणजे बैलांची पाभर, वाटेपाशी आली की नागूकाका ती उचलून धरायचे आणि पलीकडे नेऊन टेकवायचे. पुढं ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्याला असल्या नखऱ्यांचा कंटाळा. तो म्हणायचा, "काका, सरळ पेरू द्या की. लोकं चालली की पडतीयाच वाट परत." त्यावर नागूकाकांचं उत्तर माझ्या वडिलांनी मला कितीदा तरी सांगितलंय. ते म्हणाले होते, "पडंल की. पन पडल्याली वाट येगळी आन् सोडल्याली येगळी. पडल्याल्या वाटंवर मानूस चोरावानी चालतंय." ट्रॅक्टरपुढं चालत जाऊन ते हात वर करायचे, "दारी बिडु!" दारी म्हणजे वाट, बिडु म्हणजे सोड. ट्रॅक्टरवाला तोंड वाकडं करून पेरायचं यंत्र उचलायचा.

आता बसव्वाकाकी. त्या भिमाकाकांच्या बायको, म्हणजे नागूकाकांच्या वैनी. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा नागू रांगत होता आणि सासू बाळंतपणातच गेलेली. कोवळ्या पोरीच्या हातात नवरा मिळायच्या आधी मूल आलं, असं त्या स्वतःच हसून सांगायच्या. नागूला त्यांनी भरवलं, निजवलं, मारलं, शाळेत नेऊन बसवलं आणि तिथून पळाला की ओढ्यातून हुडकून आणलं. नागूकाका साठीला आले तरी वैनीसमोर खाटेवर बसत नसत, जमिनीवर बसायचे. वाटणी झाली तीही धुसफूस न होता. एकाच गोष्टीवरून बसव्वाकाकींनी तोंड उघडलं होतं. "तो लिंब तेवढा आमच्याकडं यायला पायजे व्हता," असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या. कारण लिंबाखाली पांडव होते.

पांडव म्हणजे पाच दगड. आमच्याकडची येळवस ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मार्गशीर्ष संपताना जी अमावास्या येते, ती येळवस. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याच्या पेंढ्यांची खोप करायची, तिच्यात पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून पुजायचं, भज्जी, उंडे, खीर, आंबील असा नैवेद्य दाखवायचा, आणि मग आंबील शिंपडत शेताला फेरी मारायची. तोंडानं "वलगे वलगे सालम पलगे" म्हणायचं. त्याचा अर्थ विचारू नका, कानडीवाले म्हणतात मराठी असेल, मराठीवाले म्हणतात कानडी असेल. आणि त्या दिवशी कुणाचंही रान कुणालाही बंद नसतं. ओळखीचा असो नसो, बांधावरून चाललेल्या माणसाला हाक मारून जेवायला बसवायचं. नागूकाका तर रस्त्यावरच्या मोटारसायकली अडवायचे. "बर्री, ऊटा माडरी! या, जेवा!"

लिंब वाटणीत नागूकाकांकडे गेला, पण बसव्वाकाकींची येळवस तिथंच राहिली. दर वर्षी सकाळी त्या डोक्यावर आंबिलीचं मडकं घेऊन वस्तीवरून त्या वाटेनं खाली यायच्या, आणि नागूकाका खोपीतून निघून अर्ध्या वाटेत जाऊन ते मडकं आपल्या डोक्यावर घ्यायचे. मग दोघं बोलत बोलत लिंबाखाली यायची. पूजेत पांडवांना पहिला हात काकींचा लागायचा.

एवढं सगळं सरळ चालू असताना माशी कुठं शिंकली, ते आता सांगते. मला हे सगळं नंतर कळलं, पण घडलं त्या क्रमानं सांगते.

तीन वर्षांपूर्वी पाऊस सरल्यावर सोलापूरची एक टोळी रविवारची आमच्या भागात चालायला येऊ लागली. रंगीत बूट, टोप्या, हातात दुमडायच्या काठ्या. पृथ्वीराज नावाचा एक उंच मुलगा त्यांचा म्होरक्या आणि वैष्णवी नावाची एक बोलकी मुलगी. दोघंही नोकरीवाले, वागायला सभ्य. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी नागूकाकांना विचारलं, "काका, तुमच्या शेतातून चाललं तर चालेल का?" नागूकाकांना हा प्रश्नच कळला नाही. वाट आहे तर चालायचं, त्यात विचारायचं काय? त्यांनी सगळ्यांना पाणी पाजलं, शेंगा दिल्या, आणि घरी येऊन बायकोला, गौरव्वाकाकूंना सांगितलं, "सोलापुरास्नं मानसं चालाया येत्यात. तितं वाटा न्हाईत वाटतं त्यांच्याकडं." मंडळी अधूनमधून येत राहिली. नागूकाकांना ती आवडायचीही.

त्याच हिवाळ्यात त्यांची दुभती म्हैस संध्याकाळी चांगली होती आणि सकाळी मेलेली सापडली. पाठोपाठ बोअर आटलं. माणसाचं मन अशा वेळी इकडंतिकडं कारण हुडकतं. त्यात येळवस जवळ आली. पांडवांना चुना लावायला म्हणून ते लिंबाखाली गेले. एक दगड नेहमीपेक्षा जरा हललेला दिसला. उचलला, तर खाली मातीत एक काळी चिकटपट्टी गुंडाळलेली डबी. आत एक हात तुटलेली छोटी बाहुली. लाल मण्यांचा दोरा. केसांना लावायचा चाप, त्यात दोन लांब केस अडकलेले. आणि ओल लागून लगदा झालेली कागदाची सुरळी, तिच्यावर निळी अक्षरं फुटलेली.

करणी-बिरणी मी मानत नाही. पण खरं सांगायचं, तर देवाच्या दगडाखाली अशी बाहुली मलाही सापडली असती तर माझे हातपाय गार पडले असते. नागूकाकांचे पडलेच. ती डबी त्यांनी ओढ्याकाठी नेऊन जाळली आणि मग तिथंच बसून विचार केला. विचार केला हीच चूक झाली. पांडवांना हात लावणारी माणसं दोनच, एक आपण आणि दुसरी वैनी. लिंब कुणाला पाहिजे होता? वैनीला. केस लांब आहेत, म्हणजे बाईचे. चालायला येणारी पोरं त्यांच्या डोक्यातही आली नाहीत. ज्यांचं आपल्याशी काही देणंघेणं नाही, ती माणसं आपलं वाईट कशाला करतील? करणी करायला माणूस जवळचंच लागतं, हे त्यांचं गणित.

त्यांनी बायकोला सोडून कुणाला सांगितलं नाही, विचारलं नाही. वैनीला तर नाहीच. विचारलं असतं तर हे सगळं तिथंच मिटलं असतं, बसव्वाकाकींनी कान धरून दोन ठेवून दिल्या असत्या. पण आयुष्यभर शेताच्या टोकाटोकाला ऐकू जाईल असं बोलणारा माणूस नेमका त्या वेळी गप्प बसला. येळवशीच्या आदल्या दिवशी त्यांनी जेसीबी बोलावला आणि भिमाकाकांच्या बाजूच्या बांधालगत कमरेएवढा खोल चर मारून घेतला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वाटेचं तोंडही त्यात गेलं. लोकांनी विचारलं तर सांगायचं, शेतात पाणी साचतंय, ते काढायला चर मारलाय.

त्या येळवशीला मी दुपारी पोचले. वडिलांच्या खोपीत जेवून मग नागूकाकांकडे, हा माझा नेम. मातीचा नवा ढीग बघून मी विचारलं तर म्हणाले, "पान्यासाठी." मी नव्या पेठेत लेस मोजून देणारी बाई, मला चरातलं काय कळतंय? मी बरं म्हटलं. पण काहीतरी बिघडलेलं होतं खास. ते कुणाला हाका मारत नव्हते. खोपीत पाहुणे थोडे होते आणि गौरव्वाकाकू डोळे खाली घालून वाढत होत्या. मी विचारलं, "बसव्वाकाकी येऊन गेल्या का?"

"न्हाय," नागूकाका म्हणाले आणि पुढचं जेवले नाहीत.

त्या दिवशी सकाळी काय झालं होतं, तर नागूकाका घरून निवद घेऊन शेतात आले तेव्हा चराच्या काठावर त्यांना मडक्याच्या खापऱ्या दिसल्या आणि मातीवर पांढरी आंबील सांडलेली. शेजारी हळदकुंकवाची पुडी फुटलेली. ते बघून त्यांच्या मनात काही शंकाच राहिली नाही. आपल्या हातानं आपल्या रानात शिंपली की तीच आंबील नैवेद्य, आणि दुसऱ्यानं बांधावर सांडली की उतारा. डबी सापडली, वाट बंद झाली, म्हणून बाईनं आता हे टाकलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी फावड्यानं ती माती उलटी केली आणि खापऱ्या चरात ढकलून दिल्या.

दोन दिवसांनी कळलं की बसव्वाकाकी अंगणात पाय घसरून पडल्या, खुबा मोडला, सोलापूरच्या दवाखान्यात आहेत. मी डबा घेऊन जायची. पलंगावर पडल्या पडल्या त्यांचा पहिला प्रश्न, "नागू जेवला का ग येळवशीला?" मी जेवला म्हणाले. "भज्जी कशी झाली व्हती?" चांगली झाली होती म्हणाले. नागूकाका मात्र त्यांना बघायला एकदाही आले नाहीत. घरी आणल्यावरही, एका चरापलीकडे असून, गेले नाहीत. मला त्यांचा भयंकर राग आला होता. एवढ्या वर्षांचं प्रेम आणि एका दवाखान्याची वाट त्यांना लांब झाली, असं मी वडिलांपाशी बोलूनही दाखवलं. वडील म्हणाले, "भावकीतलं हाय, तू नाक खुपसू नगंस."

वर्ष गेलं. शाळेच्या पोरी ओढ्याचा वळसा घालून जाऊ लागल्या. नागूकाकांनी त्या वर्षी पेरताना ट्रॅक्टरला हात वर केला नाही आणि वाटेवर जोंधळा उगवला.

पुढच्या येळवशीला मी त्यांच्या खोपीत होते, तेव्हा पृथ्वीराज आणि वैष्णवी आले. वरची वाट बंद बघून फाट्याकडून आले होते. नागूकाकांनी कितीतरी दिवसांनी कुणाला तरी तोंडभर "बर्री" म्हटलं. पोरं बसली, जेवली. जेवता जेवता पृथ्वीराज मोबाईल काढून लिंबाकडे बघायला लागला आणि म्हणाला, "काका, इथं आमची एक डबी होती. तुम्हाला दिसली का?"

उंड्याचा घास नागूकाकांच्या हातातच राहिला. "कसली डबी?"

मग त्यानं समजावून सांगितलं. त्यांचा एक खेळ असतो, जिओकॅशिंग. कुठंतरी आडबाजूला एक डबी लपवायची, ती जागा मोबाईलच्या नकाशावर टाकायची आणि दुसऱ्यांनी चालत येऊन ती शोधायची. ज्याला सापडेल त्यानं आतल्या कागदावर नाव लिहायचं, डबीतली एखादी वस्तू घ्यायची, आपली एखादी ठेवायची आणि डबी होती तिथं ठेवून द्यायची. बस, एवढंच. त्या निमित्तानं लोक चालतात, नवी गावं बघतात.

"क्यॅश म्हंजी? तिच्यात तर एक रुपाया न्हवता," नागूकाका म्हणाले.

"पैसे नाहीत हो काका. अशीच खेळणी वगैरे," वैष्णवी हसून म्हणाली. "मी माझ्या भाचीची बाहुली ठेवली होती. आणि माझा केसांचा चाप."

मला तोवर काहीच माहीत नव्हतं. मी आपली हसत होते. नागूकाकांकडे बघितलं आणि हसू थांबलं. त्यांचा चेहरा असा झाला होता की गौरव्वाकाकू पळी टाकून उठल्या. मग त्यांनीच, गौरव्वाकाकूंनी, अडखळत सगळं सांगितलं. डबी, म्हैस, चर, सांडलेली आंबील. त्या पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आम्हाला वाटलं झाडाखालचे नुसते दगड आहेत," पृथ्वीराज म्हणाला. "आम्ही काकांना विचारलं होतं..."

"चालायचं विचारलं होतंत," मी म्हणाले. "दगड उचलायचं विचारलं होतंत का?" माझा आवाज चढला होता. त्यांनी काही वाईट मनानं केलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण राग कुठंतरी निघायला पाहिजे होता आणि म्हाताऱ्या माणसावर काढवत नव्हता.

नागूकाका उठून चालायला लागले. जोंधळ्यातून, जिथं पूर्वी वाट होती बरोबर तिथून. मी मागोमाग गेले. चराच्या काठावर मी थांबले. ते धोतर सावरत आत उतरले, पलीकडे हातावर जोर देऊन वर चढले आणि वस्तीच्या दारात जाऊन उभे राहिले. भिमाकाका बाहेर आले. दोन्ही भाऊ कानडीत बोलत होते, मी मराठीत सांगते, आणि मला चराच्या अलीकडच्या काठावर सगळं ऐकू येत होतं.

"कशाला आलास?"

"अण्णा, वैनीला भेटाया आलो. चूक झाली माजी."

"कुटली चूक? चर मारलास ती, का वरीसभर तोंड दावलं न्हाईस ती?" भिमाकाका मोठ्यानं बोलत नव्हते, त्यानं जास्तच लागत होतं. "अंगनात पडली न्हाय ती. ह्या चरात पडली. मडकं डोक्यावर घिऊन उतरली आत. म्या काढली हिला वर, एकट्यानं. वराडत व्हती, पर काय म्हनाली म्हाईत हाय? 'अंगनात पडले म्हनून सांगा. न्हाय तर गाव माज्या नागूच्या तोंडात शेन घालंल.'"

नागूकाकांनी उंबऱ्याकडे पाऊल टाकलं.

"जा आता," भिमाकाका म्हणाले. "सणाचा दिस हाय, माज्या तोंडातनं काय तरी निगंल."

परत येताना नागूकाका चरात उतरले आणि बराच वेळ वर आले नाहीत. मी वाकून बघितलं. ते खाली बसून हातानं माती उकरत होते. एक खापरी सापडली, ती धोतराला पुसून त्यांनी माझ्याकडे धरली. काळ्या मडक्याचा काठ होता. "अव्वा, मी मडकं घ्याया गेलो न्हाय त्या दिशी," ते मला म्हणाले; लेकीसारख्या पोरीला आमच्याकडं अव्वाच म्हणतात. "गेलो असतो तर तितंच दिसलं असतं मला." मी खाली उतरले आणि त्यांच्याजवळ बसले, नवं लुगडं होतं तरी.

चर बुजवायला पृथ्वीराज आपली सगळी टोळी घेऊन येतो म्हणाला. जेसीबीचा खर्चही देतो म्हणाला. नागूकाकांनी दोन्हीला नाही म्हटलं. "तुमी या, चाला. तुमची वाट बंद न्हाय. पर खनलं म्या, बुजवनार बी म्याच." जे जेसीबीनं एका दिवसात केलं होतं, ते त्यांनी फावड्यानं आणि पाटीनं भरायला घेतलं. थंडीचे दिवस, वय झालेलं. गौरव्वाकाकू बडबडायच्या, मुलगा चिडायचा. पलीकडे वस्तीच्या दारात खाट होती आणि तिच्यावर बसव्वाकाकी उन्हाला बसवलेल्या असायच्या. त्या बघायच्या.

संक्रांतीला मी माहेरी गेले तेव्हा चर भरला होता. उभ्या पिकातला वाटेपुरता जोंधळाही नागूकाकांनी कापून काढला होता. मी बसव्वाकाकींना तिळगूळ द्यायला निघाले तर नागूकाका आमच्या घराच्या फाटकाशी उभे. "मी बी येतो," म्हणाले. "एकटा जातो तर अण्णा दारातनं परत लावंल. तू असलीस तर न्हाय म्हननार न्हाय." आम्ही त्या वाटेनं गेलो. नव्या भरलेल्या मातीत पाय रुतत होते.

भिमाकाकांनी आम्हाला बघितलं आणि गोठ्याकडे निघून गेले. एवढीच त्यांची परवानगी. बसव्वाकाकी खाटेवर होत्या, अगदी मुठीएवढ्या झालेल्या. नागूकाका खाली जमिनीवर बसले, नेहमीसारखे.

"वैनी," ते म्हणाले, "वाट सोडलीया म्या परत. चल की लिंबापातुर. मी धरतो."

बसव्वाकाकी हसल्या. "दारी ऐती, काल इल्ल," त्या कानडीत म्हणाल्या, आणि सोलापूरला जाऊन मी कानडी विसरले असेन असं वाटून माझ्याकडं बघत मराठीत परत म्हणाल्या, "वाट हाय ग, पाय न्हाईत."

नागूकाकांची मान खाली गेली. मग त्यांनी एकदम, पाण्यात उडी मारावी तसं, बोलून टाकलं. "वैनी, त्यो चर पान्यासाठी न्हवता."

"म्हाईत हाय की."

नागूकाकांनी मान वर केली.

"साचल्यालं पानी खालच्या अंगाला काढत्यात रं," बसव्वाकाकी म्हणाल्या. शाळेतून पळालेल्या पोराला सांगावं तसं सांगत होत्या. "तू वरच्या अंगाला चर मारलास. पानी काय चढाला जातंय? आमच्यासाठी मारलास, ते जेसीबी लागला तवाच कळलं मला."

म्हणजे सगळ्या गावाला कळलं होतं. पाण्याची गोष्ट खरी मानणारी गावात मी एकटीच होते.

"मग उतरलीस कशाला?" नागूकाकांचा आवाज फाटला. "कळलं व्हतं तर चरात उतरलीस कशाला, वैनी?"

"येळवस व्हती की," त्या म्हणाल्या. "येळवशीला कुनाचं रान बंद असतंय? मला वाटलं, अर्द्या वाटंत येशील तू मडकं घ्याया."

नागूकाका रडायला लागले. लहान मूल रडतं तसे, तोंड उघडून. बसव्वाकाकींनी हात लांब केला, पण खाटेवरून तो त्यांच्या डोक्यापर्यंत पोचेना. मी पुढं होऊन काकांना जरा जवळ सरकवलं. मग पोचला.

"सांगतो तुला," नागूकाका म्हणाले. "का मारला ते सगळं सांगतो. माज्या डोक्यात काय आलं व्हतं..."

"न्हाय," बसव्वाकाकी म्हणाल्या. डोक्यावरचा हात तसाच होता. "ते तेवडं सांगू नगंस. ऐकलं तर मला राग यील. आन् आता ह्या खाटंवर राग घिऊन मी कुटं जाऊ?"

त्यांनी तो विषय तिथंच बंद केला आणि मला विचारलं, यंदा तिळगुळात गूळ कुठला घातलास म्हणून. मी सांगितलं. नागूकाका सांगून मोकळं व्हायला आले होते. तेवढं एक सोडून बाकी सगळं त्यांना मिळालं.

गेल्या येळवशीला मी गेले होते. पृथ्वीराजची मंडळीही आली होती, जेवून गेली. शाळेच्या पोरी मात्र परतल्या नाहीत, त्यांना आता गाडी नेते. पेरताना वाट सोडलेली होती. पण तिच्यावर गवत होतं, कडेनं तेवढी एका माणसाच्या चालण्याची रेघ होती.

पूजा झाली, आणि नागूकाकांनी आंबिलीचं मडकं आपल्या डोक्यावर घेतलं. आता ते मडकं खालून वर जातं. बसव्वाकाकी खाटेवरून हात लावतात, मग नैवेद्य पुरा होतो. मी खोपीतून बघत होते. अर्ध्या वाटेत नागूकाका थांबले आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले. समोरून मडकं घ्यायला कुणी येत नव्हतं. मग ते सावकाश पुढं चालायला लागले.